न येणाऱ्या बंधूंना लॉजमध्ये परत कसं आणायचं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: तुमच्या लॉजच्या, म्हणजे फ्रीमेसन या जुन्या बंधुसंस्थेच्या शाखेच्या, पटावर सत्तरच्या आसपास बंधूंची (सभासदांची) नावं आहेत, सभेला येतात बारा-चौदा. दोन वर्षांत तीन पत्रं पाठवून झाली, वर्धापनदिनाचा मोठा कार्यक्रम झाला, ग्रुपवर आठवणीचे मेसेज तर चालूच आहेत. तरी आले ते नेहमीचेच. लोकांचा रसच संपलाय का, आणि संपला असेल तर तो परत कसा निर्माण करायचा, असं तुम्ही विचारलंय.

मी फ्रीमेसन लॉजमध्ये अकरा वर्षं सेक्रेटरी होतो. त्याआधी एक वर्ष मास्टर, म्हणजे लॉजचा प्रमुख, आणि मग काही काळ आल्मनर, म्हणजे आजारी आणि अडचणीतल्या बंधूंची विचारपूस करणारा. (‘लॉजवर चाललोय’ म्हटलं की समोरचा आजही क्षणभर संशयाने बघतो, ते वेगळंच.) त्या अनुभवावरून सांगतो, पण आधीच एक कबूल करतो. तुमच्या लॉजमध्ये भांडण होऊन लोक गेले की हळूहळू गळत गेले, हे मला माहीत नाही. भांडण असेल तर खालचं निम्मं लागू पडणार नाही. त्याकडे शेवटी येतो.

आता मूळ मुद्दा. रस संपला, हे निदान मला पटत नाही. ज्याचा रस खरंच संपतो तो राजीनामा देतो, दोन ओळी लिहून मोकळा होतो. तुमच्या यादीतले पन्नासेक जण राजीनामाही देत नाहीत आणि येतही नाहीत. हे लोक संकोचात अडकलेले असतात. पहिली सभा चुकते ती खऱ्याच कारणाने: बदली, बाळंतपण, आईचं आजारपण, परीक्षा. दुसरी चुकते ती त्याच कारणाच्या शेपटाने. चौथ्या-पाचव्या सभेपर्यंत कारण कधीच संपलेलं असतं, पण आता जायचं म्हणजे ‘काय हो, कुठे होता इतके दिवस?’ हे ऐकावं लागणार. ते ऐकायला नको म्हणून माणूस सहावीही टाळतो.

त्यात आपल्याकडे आणखी एक अडचण आहे, जी इतर मंडळांना नसते. क्लबमध्ये पाच वर्षांनी गेलात तर फार तर नवे चेहरे दिसतील. लॉजमध्ये दाराबाहेर टायलर, म्हणजे पहारेकरी, उभा असतो, आत जाण्याची रीत असते, उभं कसं राहायचं, काय म्हणायचं हे ठरलेलं असतं. पाच वर्षं न आलेला माणूस ते विसरलेला असतो, आणि विसरलोय हे त्याला पक्कं माहीत असतं. चार माणसांत आपली फजिती होणार, ही भीती थकलेल्या वर्गणीपेक्षा मोठी असते. हे मला कुणी बोलून दाखवलं नाही. ते मी एकदा डोळ्यांनी पाहिलं.

सात-आठ वर्षांनी एक बंधू आले होते, आपणहून. सभेला वीस मिनिटं होती. बाहेरच्या खोलीत सगळे सभेत घालायचे एप्रन कमरेला बांधत होते, हसणंखिदळणं चाललं होतं. यांनी कोपऱ्यात जाऊन बॅग उघडली. पांढरे हातमोजे पिवळे पडलेले. एप्रनच्या पट्ट्याला सापाच्या आकाराचा आकडा असतो ना, तो गंजून कडीत बसेना. दोन-तीनदा खटपट केली. मग त्यांनी खिशातून फोन काढला, कानाला लावला आणि ‘हो हो, बोला’ म्हणत जिन्याकडे गेले. फोन वाजला नव्हता, मी शेजारीच होतो. ते खाली गेले ते गेलेच. मी सेक्रेटरी, हातात कागदांचा गठ्ठा, मनात त्या दिवसाची कामं. त्यांच्यामागे जाऊन ‘थांबा, माझ्याकडे जास्तीचा एप्रन आहे’ एवढं म्हणायला मला अर्धं मिनिट लागलं असतं. ते मी केलं नाही. त्यानंतर ते कधीच आले नाहीत.

म्हणून मी प्रश्न थोडा फिरवून मांडतो. ‘त्यांना यावंसं कसं वाटेल’ हे बाजूला ठेवा, ‘त्यांना येणं सोपं कसं होईल’ हे बघा. यावंसं बऱ्याच जणांना वाटतच असतं.

गैरहजेरीची तक्रार काही आजची नाही. आपल्या परंपरेतलं सगळ्यात जुनं मानलं जाणारं लिखाण म्हणजे रीजियस हस्तलिखित, सुमारे सहाशे वर्षांपूर्वीचं, पद्यात लिहिलेलं. त्यातही प्रत्येक मास्टरने सर्वसाधारण सभेला हजर राहिलं पाहिजे असं कलम आहे, आणि वाजवी सबब किंवा आजारपण असेल तर माफी आहे. मला त्यातली आणखी एक अट जास्त आवडते: सभा कुठे भरणार आहे हे त्याला नीट सांगितलेलं असलं पाहिजे. म्हणजे येण्याची जबाबदारी त्याची, पण आधी कळवण्याची जबाबदारी आपली. पुढे 1723 साली छापलेल्या अँडरसनच्या घटनेत, म्हणजे फ्रीमेसनांच्या नियमांच्या पुस्तकातही, हेच आहे. पूर्वी बोलावणं जाऊनही न येणाऱ्याला कडक बोल लावत, आणि नाइलाज होता असं मास्टर आणि वॉर्डनना (मास्टरच्या खालच्या पदाधिकाऱ्यांना) दिसलं तरच तो सुटे. आता हे ‘नाइलाज होता असं दिसणं’ कधी शक्य आहे? कुणीतरी चौकशी केली तरच. आपण बोल लावायची परंपरा चोख पाळली आणि चौकशीची सोडून दिली.

ऑड फेलोज आणि तत्सम बंधुसंस्थांचं उदाहरण यासाठी चांगलं आहे. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमधला कामगार तिथे वर्गणी भरे, आणि आजारी पडला की संस्था त्याला आठवड्याला ठरावीक पैसे देई. ते पैसे देण्याआधी संस्थेचा माणूस घरी जाऊन बघून येत असे. तो थोडा हेरही असायचा, खरंच आजारी आहे की ढोंग करतोय हे बघणारा. हेतू काहीही असो, परिणाम असा की माणूस दिसेनासा झाला की संस्थेचं कुणीतरी त्याच्या दारात उभं राहत असे. 1911 मध्ये तिथे राष्ट्रीय विम्याचा कायदा आला, 1948 मध्ये सरकारी आरोग्यसेवा आली, आणि त्या पैशांची गरज संपत गेली. पैशांबरोबर ती भेटही गेली. लोक अशा संस्थांपासून दूर का गेले याची बरीच कारणं आहेत, आणि सगळी तुमच्या हातात नाहीत. अमेरिकेत 1959 साली फ्रीमेसनांची संख्या 40 लाखांच्या वर होती, आज ती 10 लाखांच्या खाली आहे. तेव्हा बारा-चौदा हजेरी म्हणजे फक्त तुमच्याच कमिटीचं पाप, असं समजू नका. पण दारात जाऊन उभं राहणं हे मात्र अजूनही हातात आहे.

आता प्रत्यक्ष काय करायचं. मी आधी हजेरीचं रजिस्टर काढलं. तुम्हीही काढा, मागची दहा वर्षं तरी. न येणाऱ्या प्रत्येकाची शेवटची सही शोधा आणि त्या सुमारास लॉजमध्ये काय चाललं होतं ते इतिवृत्तात बघा. कंटाळवाणं काम आहे, माझे तीन रविवार गेले. पण चित्र स्वच्छ दिसलं. एक गठ्ठा तिसऱ्या डिग्रीनंतर (सभासदाला चढायच्या तीन पायऱ्यांतली ही शेवटची) दोन-चार सभांत गायब झालेल्यांचा. डिग्री मिळेपर्यंत सगळ्यांचं लक्ष त्यांच्यावर, पाठांतर करून घेणारे, सोबत बसणारे. डिग्री झाली की मागच्या रांगेत खुर्ची आणि काम शून्य. दुसरा गठ्ठा माजी मास्टर मंडळींचा. वर्षभर मधल्या खुर्चीत बसलेला माणूस पुढच्या वर्षी बाजूला बसतो आणि त्याला कुणी काही विचारत नाही, हे सोसायला वेगळा स्वभाव लागतो. तिसरा गठ्ठा छोटा पण कडवट: डीकनच्या किंवा वॉर्डनच्या हुद्द्यासाठी ज्यांचं नाव येता येता राहिलं ते.

हे तिघं एकाच पत्राने परत येणार नाहीत, हे उघड आहे. पण मी तेच केलं होतं! रजिस्टर काढण्याच्या आधीची गोष्ट. सगळ्या गैरहजर बंधूंना एकच पत्र, वर ‘प्रिय बंधू’, मधे ‘आपण बऱ्याच काळात दिसला नाहीत याची खंत वाटते’, आणि खाली खजिनदारांच्या आग्रहाखातर थकबाकीचा आकडा. एका बंधूंकडून आठ दिवसांत पाकीट आलं. आत पूर्ण थकबाकीचा चेक, एका ओळीचा राजीनामा, आणि हॉस्पिटलच्या डिस्चार्ज कागदाची झेरॉक्स. तारखा बघितल्या. पाच महिन्यांत तीनदा भरती. आमच्यापैकी एकही जण गेला नव्हता, कारण कुणाला माहीतच नव्हतं. माहीत नव्हतं कारण कुणी विचारलंच नव्हतं. त्या पत्राचा मसुदा मी स्वतः केला होता आणि मला तो चांगला वाटला होता.

तेव्हापासून माझा नियम असा: पहिला संपर्क पत्राने नाही, मेसेजने नाही, फोनने किंवा भेटीने. आणि त्या फोनमध्ये वर्गणीचा व हजेरीचा उल्लेखही नाही. मास्टरने फोन करू नये, तो कितीही प्रेमाने बोलला तरी हुद्दा कानाला लागतो. ज्या वर्षी तो माणूस लॉजमध्ये आला त्याच वर्षीचा, त्याच्यासोबत डिग्री घेतलेला कुणी असेल तर त्याने करावा. नसेल तर ज्याने त्याचं नाव सुचवलं होतं त्याने. ‘अरे, सहज आठवण आली, कसा आहेस?’ इथून सुरू आणि शक्यतो तिथेच शेवट. समोरचा आपणहून लॉजचा विषय काढतो, दहापैकी नऊ वेळा काढतोच, आणि लगेच सबबी सांगू लागतो. तेव्हा सबबी ऐकून घ्यायच्या, खोडायच्या नाहीत. ‘मग ये ना आता पुढच्या महिन्यात’ ही घाई पहिल्या फोनमध्ये करू नका. फोन ठेवल्यावर काय कळलं ते वहीत लिहा: कुठे राहतो आता, घरी कोण आजारी, मुलगी कितवीला. ही वही आल्मनरकडे राहू दे. त्या वहीतून निम्मी उत्तरं मिळतात.

दुसऱ्या-तिसऱ्या फोनला बोलावणं करा, पण ‘सभेला या’ असं मोघम नको. मोघम बोलावण्याला ‘बघतो, जमवतो’ हेच उत्तर येतं, तुम्ही-मीही तेच देतो. काम सांगा, आणि ते त्याच्याखेरीज दुसऱ्याला जमणार नाही असं खरोखरीचं काम असू दे. माजी मास्टरला म्हणा, ‘दुसऱ्या डिग्रीचं ते व्याख्यान तुमच्यासारखं कुणाला येत नाही, नव्या पोराला दोन संध्याकाळी बसून शिकवाल का?’ यात लॉजमध्ये पाऊलही टाकायचं नाहीये, घरी बसून शिकवायचंय. पण ज्याला शिकवलं तो पोरगा उभा राहून बोलणार त्या दिवशी गुरुजी घरी थांबत नाहीत. आमच्याकडे असे तिघं परत आले. हिशेबात मुरलेल्याला हिशेब तपासायला द्या, फोटो काढणाऱ्याला जुने फोटो लावून द्यायला सांगा. नुसतं मन राखायला काढलेलं काम माणसाला लगेच कळतं, तेवढं टाळा.

आता येण्याचा दिवस. इथेच बहुतेक लॉज कमी पडतात, कारण तो कबूल झाला की आपल्याला वाटतं काम झालं. माझी व्यवस्था अशी असे. एक जण त्याला घरून घेऊन येईल किंवा निदान खाली गेटपाशी भेटेल. सभेच्या पाऊण तास आधी एका बाजूच्या खोलीत बसून, दोघांतच, विसरलेलं सगळं उजळवून घ्यायचं. तेही ‘चल, मलाही एकदा म्हणून बघायचंय’ असं म्हणत. टायलरला आदल्या दिवशी नाव सांगून ठेवायचं. कपाटात दोन जास्तीचे एप्रन आणि स्वच्छ हातमोज्यांच्या चार जोड्या कायम (हे का, ते वर सांगितलंच). आत शेजारी ओळखीचा माणूस. मास्टरला ताकीद: भर सभेत उभं करून ‘आज आपल्यात अमुक बंधू इतक्या वर्षांनी’ वगैरे काही नाही, टाळ्या नाहीत. हौशी मास्टरला हे फार जड जातं. पण नंतर जेवणाच्या वेळी बोलायला भरपूर वेळ असतो, आणि खरं परत येणं तिथेच होतं. 1717 मध्ये लंडनच्या ज्या चार लॉजनी मिळून पहिली ग्रँड लॉज, म्हणजे लॉजांची वरची संस्था, काढली, त्या चारही लॉज ओळखल्या जात त्या ज्या टॅव्हर्नमध्ये भरत त्यांच्या नावाने. एकत्र खाणंपिणं हे शेवटी जोडलेलं शेपूट तेव्हाही नव्हतं. तेव्हा सभा लांबली म्हणून जेवण उरकू नका, जेवण नीट व्हावं म्हणून सभा आटोपती घ्या.

वर्गणीचं काय? ती बुडवा असं मी म्हणत नाही. पण ज्याने बोलायचं तो खजिनदार नसावा आणि ज्या दिवशी बोलायचं तो परतीचा पहिला दिवस नसावा. हप्ते, काही भाग माफ, कोणाकोणाची पूर्ण माफी, हे तुमच्या ग्रँड लॉजचे नियम आणि लॉजचे उपनियम काय म्हणतात त्यावर आहे, ते आधी वाचून घ्या. एक गोष्ट मात्र घड्याळाकडे बघून करावी लागते. इंग्लंडच्या युनायटेड ग्रँड लॉजच्या नियमांत सलग दोन वर्षं वर्गणी थकली की सभासदत्व आपोआप संपतं, आणि मग परत यायला नव्याने नाव सुचवून बॅलट, म्हणजे गुप्त मतदान, घ्यावं लागतं. तुमच्याकडची मुदत वेगळी असू शकेल. ती काहीही असली तरी ज्यांची मुदत जवळ आलीय त्यांना पहिले फोन जाऊ देत. नाव कमी झालेल्या माणसाला परत बोलावणं दसपट अवघड. ‘तुम्हीच काढलंत की’ म्हणायला तो मोकळा होतो.

वेळ आणि दिवस यांवरही एकदा मन मोकळं करून विचार करा. पूर्वी कित्येक गावाकडच्या लॉज पौर्णिमेच्या आसपास भरत, कारण रात्री घोड्यावरून घरी जायला उजेड हवा. म्हणजे सभेची वेळ सभासदांची सोय बघून ठरे. आज इंग्लंडात दिवसा भरणाऱ्या लॉज आहेत, वय झाल्यावर रात्री गाडी चालवणं नको वाटतं अशा बंधूंसाठी. तुमच्या न येणाऱ्यांत साठीच्या पुढचे किती आहेत ते मोजा. वर्षातली एखादी सभा सकाळी घेऊन बघायला काय हरकत आहे? आमच्या एका ज्येष्ठांनी ‘आपल्याकडे असं कधी झालं नाही’ म्हणून विरोध केला आणि सकाळच्या सभेला सगळ्यात आधी तेच येऊन बसले.

बारा-चौदा जण येतात त्यांच्याविषयी थोडं बोलतो, तुम्हाला राग आला तरी चालेल. ते का येतात हे त्यांना विचारा. आणि मग एखादी सभा परक्याच्या नजरेने बघा. इतिवृत्ताचं वाचन पंचवीस मिनिटं, त्यावर कॉम्यावरून वाद, पत्रव्यवहाराचं वाचन, मग अडखळत रिच्युअल, म्हणजे ठरलेला विधी. याच्यासाठी माणूस कुटुंबातली संध्याकाळ सोडून यावा अशी आपली अपेक्षा असेल तर सगळे फोन फुकट जातील. एकदा येईल, दुसऱ्यांदा ये रे माझ्या मागल्या. आम्ही इतिवृत्त आधी पाठवायला लागलो, रिच्युअलची तालीम सक्तीची केली, आणि वाचलेल्या वेळात दर वेळी एका बंधूने वीस मिनिटं बोलायचं ठरवलं. कसलंही. एक जण घड्याळं दुरुस्त करण्यावर बोलला, ते अजून सगळ्यांच्या लक्षात आहे.

गळती नव्याने होऊ नये यासाठी अँडरसनच्या त्याच पुस्तकातला एक नियम सांगतो: एका लॉजने एका वेळी पाचपेक्षा जास्त नवे बंधू घेऊ नयेत. आज पाच हीसुद्धा चैन वाटते, पण विचार पक्का आहे. जेवढ्यांना सोबत देता येईल तेवढेच घ्या, आणि तिसऱ्या डिग्रीनंतरच्या पहिल्याच सभेत त्याला काहीतरी काम असू दे, दाराशी सह्या घेण्याचं का असेना.

आता भांडणाचं. दोन गट पडून एक गट गेला असेल तर फोनमोहीम काढू नका, ती आगीत तेल ठरते. दोन्ही बाजू ज्याला मानतात असा एखादा जुना माणूस गाठा आणि त्याला एकेकाकडे जाऊ द्या, लॉजचा निरोप म्हणून नाही तर स्वतःच्या वतीने. ज्याच्याशी चुकीचं वागलो असू त्याला तसं म्हणावं लागेल, आणि ते मास्टरनेच म्हणावं लागेल. इथे हुद्दा उपयोगी पडतो. याला वर्षं लागतात, काही वेळा तो माणूस येतच नाही.

आणि काही जण खरंच जाऊ इच्छितात. त्यांना धरून ठेवू नका. ‘वर्गणी चुकती करून रीतसर मोकळे व्हा, पुढे वाटलं तर दार उघडं आहे’ असं सांगितलं की माणसाच्या चेहऱ्यावर सुटका दिसते. असे सुटलेले दोघं आमच्याकडे काही वर्षांनी नव्याने नाव देऊन आले. पन्नासातले किती परत येतील असं तुम्ही विचाराल. पहिल्या वर्षी हाताच्या बोटांवर मोजण्याइतके धरा. बारांचे सतरा झाले तरी खोली वेगळी दिसते.

सुरुवात पाच नावांनी करा, पन्नासांनी नको. ती पाच कोणती हे कमिटीत ठरवत बसू नका. यादी घेऊन आधी तुमच्या टायलरकडे जा, तुमच्या प्रश्नात त्याचा उल्लेखच नाही म्हणून मुद्दाम सांगतो. दाराबाहेर उभा राहणारा तो; कोण शेवटचं कधी आलं, जाताना कुणाचा चेहरा उतरला होता, कोण जिन्यापर्यंत येऊन परत गेलं, हे आमच्या टायलरला माझ्या रजिस्टरच्या कितीतरी आधी माहीत होतं. मी त्याला विचारलं नव्हतं, एवढंच.